बाप्पाचा खांब आणि माझी ज्योत

मित्रांनो, मी भोईवाड्यातल्या एका चाळीतला जुना गॅस गीझर. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे, एका कोपऱ्याला पोचा आला आहे, पण पाणी अजून कढत देतो. माझ्या हातून एकदा एक जीव जाता जाता राहिला. ती हकीकत ऐका, कारण तुमच्याही मोरीत माझा एखादा भाऊबंद टांगलेला असेल.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकाकत होतो. दीपकने मला आणलं ते त्याच्या आईसाठी. शांताआजींचे गुडघे धरले होते आणि शेगडीवरचं उकळतं पातेलं मोरीपर्यंत नेताना त्यांचा तोल जायचा. बसवायला आलेल्या माणसाने मला खरं तर बाहेरच लावायला हवं होतं. त्याने लावलं मोरीत, आणि जाताना बजावलं, "वरची खिडकी कायम उघडी ठेवा. याला पेटायला हवा लागते." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्याला चहा दिला.

ते दिवस मोठ्या कौतुकाचे होते. नळ सोडला की मी भप्पकन पेटायचो आणि शेजारणी तोंडात बोटं घालायच्या. दसऱ्याला आजी मला हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल खोवायच्या. नात दर्शना कॉलेजात जाऊ लागली होती. ती आंघोळ करताना मोठमोठ्याने गायची आणि बाहेरून आजी ओरडायच्या, "मोरीत कसली गाणी म्हणतंस गो? लोक आयकतत!"

मग पारवे आले. खिडकीतून आत शिरायचे, बादलीत घाण करायचे. आजी वैतागल्या. माळ्यावर थर्माकोलच्या जुन्या मखराचा एक सोनेरी खांब पडून होता. बाप्पाची वस्तू टाकवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं जपलेला. आजींनी तो खिडकीएवढा कापला, नमस्कार केला आणि फटीत घट्ट बसवला. बाप्पाच्याच मखराचा तुकडा, त्याने कुणाचं काय वाईट होणार, असं त्यांना मनापासून वाटलं. पारवे थांबले. वाराही थांबला, पण त्याची आठवण कुणाला झाली नाही.

माझी निळी ज्योत हळूहळू पिवळी झाली. वरच्या भिंतीवर काजळी धरली. आंघोळीनंतर आजींचं डोकं जड व्हायचं, त्या पित्त समजून सुंठ घ्यायच्या. दीपकची बायको प्रिती एकदा म्हणाली, "याला जरा दाखवून घेऊ या का कुणाला?" दीपक म्हणाला, "चालतोय ना? मग कशाला हात लावायचा?" मित्रांनो, मला फार राग आला. ज्योतीच्या रंगाशिवाय मला बोलायला दुसरं तोंड नाही, आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

नरकचतुर्दशीची पहाट उजाडायची होती. अभ्यंगस्नानाची घाई. एकामागून एक आंघोळी चालल्या होत्या आणि मला क्षणाची उसंत नव्हती. बाहेर रांगोळी काढत बसलेली दर्शना शेवटी आली. अंगावर जुना गाऊन, केसांत तेल, हातात उटण्याची वाटी. तिने कडी लावली, नळ सोडला आणि गाणं सुरू केलं.

मोरीत विषारी हवा कोंडली होती. तिला वास नसतो, रंग नसतो. गाणं अडखळलं. तिने कपाळ चोळलं, भिंतीला हात टेकला, पुन्हा एक ओळ म्हटली. मग ती खाली बसली आणि गाणं थांबलं. नळ मात्र चालूच होता. नळ चालू, म्हणून मी पेटलेला. तिचा श्वास मीच कोंडत होतो आणि मला विझता येत नव्हतं. तेवढा असहाय मी कधीच झालो नव्हतो.

या घरची एक रीत आहे. अर्धी आंघोळ झाली की मोरीचं दार उघडायचं, आजी दारातच ओवाळतात, फुलबाजी पेटते, मग उरलेलं पाणी घ्यायचं. आजी तबक घेऊन आल्या.

"दर्शना, दार उघड गो. ओवाळूक इलंय."

आतून फक्त पाण्याचा आवाज.

"आई, केस धुतेय ती," दीपक म्हणाला. "वेळ लागणारच ना. ठेव ते, मागाहून ओवाळ."

आजी हलल्या नाहीत. दारावर थाप मारली, आणखी एक मारली. "गाना बंद झाला तिचा," त्या म्हणाल्या. हातातलं ओवाळणीचं तबक त्यांनी सरळ जमिनीवर ठेवलं. असं त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. "दीपक, दार मोड!"

दीपकने खांदा मारला. कडी निघेना. पुन्हा मारला, पुन्हा. लाकूड करकरलं आणि दार उघडलं. प्रितीने नळ बंद केला, मी विझलो. दोघांनी दर्शनाला उचलून गॅलरीत आणलं. सगळी चाळ जमली. वारा लागत होता, पण ती हाकेला ओ देत नव्हती. आजी तिचे तळवे चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने ती कण्हली आणि दीपकला रडू फुटलं. तिला तसंच टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं.

ती वाचली. दुपारी आजींना घेऊन इस्पितळातून परतला तो दीपक पाना घेऊनच माझ्यावर धावला. "फेकूनच देतो हा डबा!"

"त्याका कित्याक मारतंस?" आजी दारात उभ्या होत्या. "डॉक्टरान काय इचारल्यान? मोरीची खिडकी खंय आसा म्हणून. ती मी बुजवलंय." त्यांनी काठीने तो सोनेरी खांब पाडला. त्याची मोरीकडची बाजू काळीकुट्ट झाली होती.

मित्रांनो, आता मी गॅलरीत, उघड्या वाऱ्यावर आहे. दरवर्षी मला साफ करतात, ज्योत निळी आहे ना ते पाहतात. मोरीच्या खिडकीला पारव्यांसाठी जाळी आहे, वारा मोकळा आहे. तुमच्या मोरीत माझा कुणी भाऊबंद असेल तर आजच त्याला बाहेर काढायला सांगा. तोवर बादली भरून घ्या, त्याला बंद करा, मगच दार लावा. आमची हवा अडवू नका. अडवलीत, तर आम्ही ती तुमच्या छातीतून काढून घेतो.

दर्शना आंघोळीला गेली की आजी मोरीच्या दाराशी पाट घेऊन बसतात. आत गाणं सुरू असतं. मधेच ती साबणासाठी थांबली, की आजींची काठी दारावर आपटते.

"गप कित्याक रवलंस? फुडे म्हण गो!"