नऊ वेळा नोंदवलेले बाबा

तलावावरच्या कारकुनाचा भिंगरीला फोन आला. "ताई, तुमच्या वडिलांनी आज नवव्यांदा नाव नोंदवलंय."

पोहण्याच्या तलावाचा तो नोंदणीचा प्रोग्रॅम भिंगरीनेच लिहिलेला. दारात फोन नंबर टाकायचा; यादीत असला तर आत, नसला तर पुढ्यात कोरा फॉर्म. पहिला मान बाबांचा म्हणून तिने सगळ्यांत आधी त्यांचंच नाव भरलं होतं. आणि आता हे! वय अठ्ठ्याहत्तर, त्यात विसरभोळेपणा, त्यात खोल पाणी. भावाने निकाल देऊन टाकला, "तलाव बंद. डॉक्टरांची वेळ घे."

"अगं, पण ते यंत्रच विचारतं रोज," बाबा म्हणाले.

"दीडशे माणसं येतात बाबा. तुम्हालाच कसं विचारेल?"

"असेल बाई. विसरत असेन," बाबा म्हणाले आणि पोहण्याची चड्डी घडी करून कपाटात ठेवली. जन्मभर हुज्जत घालणारा माणूस एका वाक्यात नमला, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती जादा नोंदी पुसायला बसली. पहिली ठेवून बाकीच्या पुसल्या आणि सहज बाबांचा नंबर टाकला. पुढ्यात कोरा फॉर्म! तिने प्रोग्रॅममधली नंबर तपासणारी जावास्क्रिप्टची ओळ उघडली. नंबर यादीत कितव्या जागी आहे ते विचारायचं आणि उत्तर शून्याहून मोठं आलं तरच 'आहे' म्हणायचं, असं बाईसाहेबांनी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. पण तिथली मोजणी सुरू होते शून्यापासून. पहिल्या माणसाची जागाच शून्य! दीडशे जण आत आणि बाबा तेवढे बाहेर. चूक हिची आणि खापर म्हाताऱ्याच्या डोक्यावर. तिने ती ओळ खोडून 'इन्क्लूड्स' लिहिलं, जे नुसतं आहे की नाही तेवढंच सांगतं, आणि तडक बाबांची खोली गाठली.

"बाबा, माझं चुकलं. तुम्ही काही म्हणता काही विसरला नव्हता."

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. "मग ही आता नको."

चिठ्ठीवर त्यांचं वळणदार अक्षर होतं: 'ही भिंगरी. माझी मुलगी. ओळखू आली नाही तरी हिच्यावर ओरडायचं नाही.'

भिंगरी हुंदके देऊन रडली. तोवर बाबांनी कपाटातून चड्डी काढली होती.