मागच्या खोलीचा रंग

मी रंगाचा डबा. म्हणजे पोटात रंग होता तोवर रंगाचा. आता नुसताच डबा. पांढरट पाणी आणि पेंटरचे विसरलेले दोन ब्रश पोटात घेऊन जिन्याखाली बसलोय. उद्या भंगारवाला येईल. तो यायच्या आत मला थोडं बोलायचंय, आणि ते गोड असेल अशी आशा ठेवू नका. गोड बोलणाऱ्यांनीच माझं वाटोळं केलंय.

कारखान्यातून निघताना आम्ही सगळे डबे सारखेच, पांढरे. कोण काय होणार ते दुकानात ठरतं. मी बरेच दिवस फळीवर धूळ खात होतो. मग एक दिवस ती आली. पिशवीतून कापडाची एक चिंधी काढून तिने काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "असा रंग हवाय."

दुकानदाराने रंगांचं कार्ड उघडलं. "काकी, हा पिस्ता घ्या. हल्ली सगळे हाच नेतात."

"पिस्ता नको हो. काकडी सोलल्यावर आत जो असतो ना, तो."

दुकानदार हसला, पण त्याने ऐकलं. माझ्यात हिरव्याचे काही थेंब पडले, थोडा पिवळा पडला, आणि मशिनने मला असं घुसळलं की गरगरायला लागलं. झाकण उघडून तिने आत डोकावून पाहिलं. चिंधी माझ्या काठाशी धरली. "हाच!" म्हणाली. इतक्या आनंदाने माझ्याकडे त्यानंतर कोणी पाहिलेलं नाही.

ती पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायची, भिंतीला कुठलं कापड शोभेल ते सांगायची, आणि लोक तिचं मुकाट्याने ऐकायचे. तिने सजवलेली घरं गावभर होती. तिची स्वतःची खोली मात्र घराच्या मागच्या बाजूला, शेजारच्या इमारतीला नाक लावून. भिंतींचा मूळ रंग कुठला होता हे कोणालाच आठवत नव्हतं. नवरा होता तेव्हा दर वेळी रंगकाम निघालं की म्हणायचा, "पाहुणे काय मागच्या खोलीत बसणार आहेत?" मग पुढची खोली रंगायची. मागच्या खोलीपर्यंत यायच्या आत रंग तरी संपायचा, नाहीतर पेंटर तरी. नवरा गेला, मुलगा कर्ता झाला, आणि पुढच्या खोलीचा मान जिथल्या तिथे राहिला.

म्हणून तिने शिवणाच्या पैशांतून मला आणलं. या हातातून त्या हातात करत, रस्त्यात थांबत, पण स्वतः उचलून आणलं. पलंगाखाली सरकवलं आणि म्हणाली, "आता आपली पाळी."

मी खुळा, मला खरं वाटलं.

तिचा मुलगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या देता आल्या असत्या. तो पडला प्रेमळ. कुणाच्या तरी घरी त्याने तीन भिंती एका रंगाच्या आणि चौथी वेगळी अशी पाहिली, आणि ते खूळ डोक्यात घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.

"आई, तुझा तो काकडी जरा दे ना. हॉलची एकच भिंत करायचीय."

"अरे, पण माझ्या खोलीचं..."

"तुझ्या खोलीला नवा आणू की. याहून भारी. पुढच्या महिन्यात, नक्की!"

"बरं, ने."

ने! दोन क्षणांत अर्ध्याहून जास्त रिकामा झालो. त्या भिंतीवर त्यांनी हा एवढा मोठा टीव्ही टांगला. मी दिसायचो तो त्याच्या कडेकडेने. पाहुणे आले की मुलगा मिशीला पीळ दिल्यासारखं म्हणायचा, "रंगाची आयडिया माझी." ती आतून चहा घेऊन यायची आणि कौतुकाने मान डोलवायची. माझा पलंगाखाली नुसता जळफळाट. पुढे ते खूळही उतरलं आणि त्या भिंतीवर विटांच्या चित्राचा कागद चिकटला. खऱ्या विटांवर प्लॅस्टर, प्लॅस्टरवर रंग, रंगावर विटांचं चित्र. माणसांच्या हौसेपुढे आम्ही डब्यांनी काय बोलावं?

मग लेक आली माहेरपणाला. जाताना हातात काचेची बरणी. "आई, थोडा रंग नेऊ? गॅलरीतल्या कुंड्यांना लावते. तुझ्याकडे नुसता पडूनच आहे ना?"

पडूनच! अगं, पडून का आहे हे एकदा तरी विचार की. पण नाही. आणि ही माउली म्हणाली, "ने बाई, ने. माझं काय, होईल नंतर."

सुनेबद्दल एक मुद्दाम सांगतो, कारण सगळं खापर सुनेच्या डोक्यावर फोडायची तुम्हाला खोड असते. सुनेने माझ्यातला थेंबही मागितला नाही. उलट एकदा म्हणाली, "आई, तुमच्या खोलीचं राहूनच गेलंय." यावर सासूबाईंचं उत्तर काय? "मला कशाला गं? मला कुठलाही चालतो." सुनेला ते खरंच वाटलं. का वाटू नये?

खरं सांगू, मला सगळ्यांत जास्त राग तिचाच येतो. दुकानात पिस्त्याला नको म्हणणारी बाई. गिऱ्हाइकाच्या घरी "हे कापड तुमच्या भिंतीला शोभणार नाही" असं तोंडावर सांगणारी बाई. घराचा उंबरा ओलांडून आत आली की हिच्या तोंडाला कोण कुलूप लावायचं कोण जाणे. मोठ्याने एकदा "नाही" म्हणाली असती तर घर कोसळणार होतं का? पण ती म्हणाली नाही. आणि मी तळाला वाटीभर उरलो.

वर्षं गेली. माझ्यावर जाड साय धरली. तिच्या डोळ्यांवरही साय आली, मोतीबिंदू. शिवण सुटलं. सुईत दोरा ओवता येईना, रंग ओळखता येईनात. दिवसाचा बराच वेळ ती पलंगावर कुशीवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत असायची. त्या भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. ओल आलेली, पोपडे सुटलेले, कळकट.

एका दुपारी सगळे आपापल्या कामाला गेलेले. तिने वाकून मला बाहेर ओढलं. चमच्याच्या दांडीने झाकण उचकटलं, साय बाजूला केली, थोडं पाणी घातलं आणि कापड मोजायच्या लाकडी पट्टीने मला ढवळत बसली. ढवळताना म्हणाली, "खोलीला तर काही तू पुरणार नाहीस. बघू किती पुरतोस ते."

पलंगावर बसून तिने भिंतीचे पोपडे खरवडले. शिवणाच्या खडूने चौकोन आखला, उशीवर डोकं टेकलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल असा. उशीच्या अभ्र्याएवढा असेल. मग लहान ब्रशने सावकाश, कडा न सोडता, मला त्या चौकोनात भरलं. डोळे अधू, पण हात शिवणारीचा. रेघ जराही हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ज्यासाठी आलो होतो तिथे लागलो. अभ्र्याएवढाच, पण लागलो.

आता खरी गंमत ऐका. तिने माझ्यासोबतची ती जुनी चिंधी काढली, तिला दुमड घातली, कशीबशी टीप मारली आणि त्या चौकोनावर दोन खिळ्यांत दोरी ओवून चिमुकला पडदा टांगला. का, तर घरच्यांना दिसू नये. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशांचा रंग, स्वतःच्या भिंतीला लावला, आणि चोरून! सुनेने विचारलं तर म्हणाली, "ओल दिसते गं, म्हणून झाकलंय." घरात कोणी नसलं की पडदा सरकवायची आणि बघत पडायची.

"आत्ता तू मला धुरकट दिसतोस हो," ती एकदा म्हणाली. भिंतीला म्हणाली की मला, कोण जाणे. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं की नीट बघेन. डॉक्टर म्हणतात, रंग पहिल्यासारखे दिसतील."

ऑपरेशनला जायच्या दिवशी तिने पडदा नीट ओढून घेतला. एवढीच काय ती तयारी. बाकी पिशवी लेकीने भरली. ऑपरेशननंतर विश्रांतीला ती लेकीकडे राहणार होती.

आणि इकडे तिच्या प्रेमळ मुलाला जाग आली.

"आई नाही तोवर तिची खोली उरकून टाकू," तो बायकोला म्हणाला. "तिच्या डोळ्यांना धूळ नको. येईल तेव्हा बघ कशी खूश होते ते."

पेंटर आला. पलंग ओढला, मी उघड्यावर आलो. सुनेने तो चिमुकला पडदा काढला आणि थबकली. "अहो, हे बघा. इथे काकडी लावलाय."

मुलगा आला आणि खो खो हसला. "आईचं पण काय एकेक! मधेच हे ठिगळ कशाला?"

"ठिगळ कसलं, कडा बघा किती सरळ आहेत. मुद्दाम केलेलं दिसतंय." ती जरा घुटमळली. "विचारूया का त्यांना? फोन करते."

"विचारलंस तर म्हणेल, काहीच करू नका, खर्च नको. तिला ओळखत नाहीस का तू? आणि सरप्राइज आहे ना!" मग पेंटरला म्हणाला, "पांढराच मारा. खोली मोठी दिसेल."

पेंटरने पांढरा मारला. वाळल्यावर चौकोन फिकट, पण दिसतच होता. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! वाटलं, आहे, अजून दम आहे माझ्यात.

"साहेब, हा खालचा वर येतोय. अजून एक हात लागेल."

"मारा की. दोन मारा."

दोन हात मारल्यावर चौकोन गेला. पेंटरने पडद्याच्या चिंधीला हात पुसले, माझ्या तळाशी पाणी ओतलं आणि ब्रश बुडवून मला कोपऱ्यात ठेवून दिलं.

ती आली त्या दिवशी सगळे दारात. लेकही सोबत. मुलगा म्हणाला, "आई, आधी डोळे मीट."

"आत्ताच तर उघडलेत डॉक्टरांनी," ती म्हणाली, पण मिटले. तिला हाताला धरून आत आणलं. तिने काळा चष्मा काढला आणि डोळे उघडले.

पांढऱ्या भिंती. नवा दिवा. खिडकीला दुकानातून आणलेले तयार पडदे. जन्मभर पडदे शिवलेल्या बाईला तयार पडदे! तिने एकाची दुमड चिमटीत धरून पाहिली आणि सोडून दिली. मग पलंगाशी गेली. उशीच्या समोर भिंतीवर तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा.

"कसं वाटतंय?" मुलाला धीर धरवेना. "आता डोळे पण नवे, खोली पण नवी!"

"मला विचारायचं होतंत रे," ती म्हणाली.

आयुष्यभरात एवढंच बोलली. मी कोपऱ्यात श्वास रोखून बसलो. वाटलं, आता बोलेल. आता बोल गं बाई, बोल!

"घ्या!" मुलगा हसला. "सरप्राइज कधी कोणी विचारून देतं का?"

लेक हसली, मुलगा हसला, मग तीही हसली. सून तेवढी हसली नाही. "छान झालंय हो," आई म्हणाली. "केवढा उजेड आला."

सगळे चहाला गेल्यावर तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. गुडघ्यावर हात टेकून ती खाली बसली. माझ्या बाहेरून, काठाखाली, दुकानातल्या त्या पहिल्या दिवसाचा एक ओघळ वाळून राहिला होता. तिने मला खिडकीच्या उजेडात धरलं. चष्म्याशिवाय, त्या नव्या लखलखीत डोळ्यांनी बोटभर ओघळाकडे पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "असा होतास होय तू?"

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं.

तेवढ्यात मुलगा डोकावला. "आई, ती घाण कशाला हातात घेतेस? फेकायचाय तो डबा."

तिने डोळे टिपले. मला वाटलं, आता तरी नाही म्हणेल. एक ओघळ तर मागायचा होता. तिने मला पुढे केलं.

"हो," म्हणाली, "ने."

तेव्हापासून मी इथे जिन्याखाली. आतलं कानावर येत राहतं. सून काल नवऱ्याला सांगत होती की आई हल्ली भिंतीकडे पाठ करून झोपतात, दिव्याचा उजेड टोचत असेल का? दिवा बदलायचं ठरलंय.

मी उद्या जाईन. मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझ्यात वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. एकच विनवणी आहे. तुमच्या घरी रंगकाम निघेल तेव्हा रंग आणायच्या आधी मागच्या खोलीत जा आणि आईला विचारा, तुला कुठला हवा? ती म्हणेल, "कुठलाही चालेल." हे उत्तर घेऊन परत फिरू नका. खुर्ची ओढा, तिच्याजवळ बसा, आणि पुन्हा विचारा.