प्लास्टिक मोजणाऱ्या पितळी पेटीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, आधी माझं गाऱ्हाणं ऐका. आमच्या प्रयोगशाळेत मोजणी करणारा हा संजीव तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी माझ्या डोक्यावर ठेवतो. सगळं टेबल रिकामं असतं, तरी!

मी जुनी असेन, पण ऐरीगैरी नाही. नत्थूजी मिस्त्रींनी मला लेथवर अखंड पितळेतून कोरलं आणि पोटातून चांदीचा मुलामा दिला. इतवारी पेठेतल्या नव्या नवरीच्या अंगावरही इतकी निर्मळ चांदी नसेल. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये असतात तसल्याच, पण अगदी हलक्या लहरी माझ्या पोटात सोडतात आणि मी घुमते. मग प्लास्टिकची पट्टी आत सरकवली की माझा सूर उतरतो. जास्त उतरला, मंद झाला, की समजावं, हे प्लास्टिक लहरी गिळतं. अक्षर मला येत नाही, पण वीस वर्षांत माझा सूर खोटा निघाला नाही. मोठमोठे साहेब मला हात लावायच्या आधी हात पुसायचे.

मे महिन्यात नंदनवन वस्तीतली भारती आली. बापाचा माग होता त्या खोलीत ती आता दोन मशिनींवर थरावर थर देऊन नायलॉनचे टोप छापते. हे टोप टॉवरच्या अँटेनावर बसतात. टोपानंच लहरी गिळल्या तर फोन लागणार कसा? म्हणून टोप घेणाऱ्या कंपनीला आधी माझी साक्ष हवी होती. त्याच नायलॉनच्या पट्ट्या दोन बंद पिशव्यांत आणून ती संजीवला म्हणाली:

"भाऊ, पिशवीतून काढल्याबरोबर मोजजा. हे नायलॉन हवेतलं पाणी पिते."

"हो वं बाई! मले काय शिकवून राहिली?"

शिकवलेलं बरं झालं असतं. यानं एक पिशवी फोडली, पट्ट्या कूलरपुढे टाकल्या आणि साळ्याच्या लग्नाला बेसा गावी गेला. दोन दिवस त्या ओला वारा पीत पडल्या. तिसऱ्या दिवशी मोजल्या. माझा सूर धाडकन खाली आला. रिपोर्ट गेला, माल नापास.

आठवड्यानं दुसऱ्या, बंद पिशवीत राहिलेली एक कोरडी पट्टी त्याला सापडली. त्यानं ती मोजली. सूर जेमतेम हलला. माल चोख होता. संजीवचा चेहरा उतरला. नव्या आकड्याचा कागद त्यानं घडी करून खणात सारला.

दुसऱ्याच दिवशी भारती आली. "भाऊ, शुक्रवारपर्यंत दुसरा रिपोर्ट आला तर कंपनी थांबते म्हणते. एक बार अजून मोजा ना."

"आता काय मोजू? पेटीच जुनी झाली वं. तिचाच भरोसा नाही."

माझ्या तोंडावर म्हणाला! पोर ओल्या पट्ट्या ओढणीत बांधून निघून गेली.

शुक्रवार गेला. काम दुसऱ्याला मिळालं. भारतीच्या दोन्ही मशिनी विकायला निघाल्यात, असं शिपाई सांगत होता. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला जपा, पण तिनं सांगितलेलं खरं त्याहून जपा.

शिपाई बोलत होता आणि संजीव मान खाली घालून ऐकत होता. मग मी गप्प बसले नाही.

"संजीव, पट्ट्या ओल्या झाल्या, त्याले चूक म्हणतात. खरा आकडा खणात दाबून पोरीले रिकाम्या हातानं लावून देलं, त्याले काय म्हणतात, ते घरी जाऊन तुह्या मायले विचार."