घंटाकाकूने वाटून टाकलेले जोडे

घंटाकाकू आता चर्चची घंटा वाजवत नाही. गुडघे ऐकत नाहीत. पण दुसऱ्या कुणी वाजवलेली घंटा कानावर आली, की तिला तो जुना घोळ आठवतो आणि ती एकटीच हसते. ते दिवस परत यावेत, असं तिला फार वाटतं.

तेव्हा समुद्रापलीकडून काही कुटुंबं शहरात कामाला आली होती. पंथ तोच, बायबल तेच, भाषा तेवढी वेगळी. पाळकांनी त्यांना दुपारची उपासना ठरवून दिली. काकूने नाक मुरडलं; पण चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे, दार उघडायला तिलाच जावं लागलं.

आता या चर्चची एक रीत होती. गरिबांना द्यायचे कपडे, जोडे लोक व्हरांड्यात आणून ठेवत आणि काकू ते पोत्यात भरून निराधारांच्या आश्रमाच्या गाडीत चढवी. त्या दुपारी बघते तर व्हरांड्यात जोड्यांची ही भलीमोठी रास! ‘दिलदार निघाली हो माणसं,’ काकू मनात म्हणाली. मुरडलेल्या नाकाची तिला लाजच वाटली. तिने भराभर पोती भरली, गाडी आली आणि गेलीही.

उपासना संपली आणि सगळी मंडळी अनवाणी व्हरांड्यात उभी! इथले लोक जोडे घालूनच आत जात; पाहुण्यांनी ते रीतीप्रमाणे बाहेर काढून ठेवले होते. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

तोवर आश्रमात जोडे वाटूनही झाले होते. पाळकांनी नुसतेच हात जोडले, सगळ्यांना नवे जोडे घेऊन दिले. पाहुणे ‘असू द्या’ म्हणाले. काकूचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी मात्र मंडळी जोड्यांसकट आत शिरली, माना खाली घालून. त्यांच्यातल्या शिंप्याला इथली भाषा यायची. काकूने त्याला गाठलं.

“अहो, आज जोडे नाही काढले?”

“जुने जोडे नेलेत, नवे घालायला दिलेत. तुम्हांला आमचे उघडे पाय चालत नाहीत, ते कळलं आम्हांला. घर तुमचं, रीत तुमची.”

“अरे देवा! मला वाटलं, दान दिलंत तुम्ही!”

शिंपी हळूच म्हणाला, “माझी आई बाहेर बसलीय. जोडे घालून देवासमोर जाणार नाही म्हणते, आणि काढले तर तुमचा अपमान होईल म्हणते. यापुढे येणारच नाही म्हणाली. थांबा, मी सांगतो तिला.”

“नको. माझी चूक मीच निस्तरते.”

“पण तिची भाषा कुठे येते तुम्हांला?”

“ते मी बघते.”

बोलून गेली खरी, आणि तशीच बाहेर निघाली. आपल्या आगाऊपणापायी एक म्हातारी देवाच्या दारातून परत जाणार!

काकू तिच्याशेजारी जाऊन धपकन बसली. “ताई, चुकलं माझं.” काकूने बूट काढले, भोक पडलेले मोजे काढले. वाकडी बोटं, भेगाळलेल्या टाचा. डॉक्टरशिवाय कुणाला दाखवले नव्हते ते पाय. म्हातारीने ते नीट न्याहाळले. मग सावकाश आपलेही जोडे उतरवले.

“अगं बाई, तुमचे तर माझ्याहून वाईट!” काकू म्हणाली. म्हातारीही आपल्या भाषेत बहुधा तेच म्हणाली. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि एकमेकींना धरून उठल्या.

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि काकू थबकली. ही फरशी तिच्या नवऱ्याने बसवली होती, एकेक दगड हाताने घासून गुळगुळीत केला होता. तो गेल्यावरही इतकी वर्षं ती त्यावरून बूट वाजवत फिरली. त्याच्या हाताचं काम आज पहिल्यांदा तिच्या पायांना लागत होतं.

काकूचं रडून होईपर्यंत म्हातारी तिचा हात धरून तिथेच उभी राहिली.