सहा गाळलेले उंदीर

आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी सहा उंदीर प्रयोगाच्या हिशोबातून गाळले, तेही कोणी त्यांचा मेंदू उघडून बघण्याआधीच. सकाळी प्रयोगाची वही उघडली तर माझ्या अक्षराखाली त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'तार चुकीच्या जागी'. माझं डोकंच फिरलं. उंदरांच्या डोक्यात केसाएवढी काचेची तार बसवण्याचं काम माझं आहे, आणि नऊ वर्षांत माझा हात किती वेळा चुकला ते मी बोटांवर मोजून सांगू शकते.

तार जाते मेंदूत खोलवर, स्ट्रायटम नावाच्या भागात. तिथे दोन प्रकारच्या पेशी शेजारीशेजारी नांदतात. सर एका प्रकाराला हवं-पेशी म्हणतात, दुसऱ्याला नको-पेशी. उंदीर दोन खोल्यांच्या पेटीत सोडायचा. तो उजव्या खोलीत शिरला की तारेतून प्रकाश जातो, आधीच प्रकाशाला संवेदनशील केलेल्या नको-पेशी जाग्या होतात आणि तो पळ काढतो. पुढच्या वेळी उंबरठ्यावरूनच मागे फिरतो. सरांचं सगळं नाव या मागे फिरण्यावर उभं आहे.

या सहांनी मात्र उजवीकडेच मुक्काम ठोकला. बाहेर काढलं तरी पुन्हा आत.

त्याचं कारण मला आधीच सापडलं होतं, माझ्याच गाढवपणात. पेटी बंद केली की तिचं घड्याळ आपोआप एका सेकंदावर येतं. आम्हाला प्रकाश तीस सेकंद हवा असतो, म्हणून बटणाशेजारी 'तीस करा' अशी चिकटपट्टी लावलेली असते. आदल्या आठवड्यात पेटी स्पिरिटने पुसताना ती पट्टी मीच खरवडून काढली आणि नवी लावायची विसरले. सहाही उंदरांना एकेकच सेकंद प्रकाश मिळाला होता. चूक कळल्यावर मी त्याच सहांना तीस सेकंद देऊन पाहिले, तर सहाही पळाले. म्हणजे पेशी त्याच, तार तीच. थोडा वेळ जागवल्या तर हवंसं वाटतं, जास्त वेळ जागवल्या तर नकोसं. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं आणि त्याच्याच खाली ती लाल शाई होती.

मग मी त्या सहांना मारलं. ते काम गोड शब्दांत सांगता येत नाही. मेंदूचे पातळ काप काढले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, फोटो घेतले. सहाही तारा अगदी जागच्या जागी होत्या.

एवढी मी पेटले त्याचं कारण घरी खुर्चीत बसलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी दादाच्या मेंदूत गुठळी अडकली आणि नेमका याच भागाचा तुकडा गेला. हातपाय धड, बोलणं स्वच्छ, पण इच्छा म्हणून काही उरली नाही. जेवतोस का? चालेल. झोपतोस का? चालेल. पूर्वी चहात साखर कमी पडली तर हाच माणूस घर डोक्यावर घ्यायचा. आता दिवसभरात स्वतःहून एकच प्रश्न विचारतो, तोही मी संध्याकाळी दारात पाऊल टाकल्यावर: "ठमे, उंदीर काय म्हणतात?"

आमच्या प्रयोगाच्या भरवशावर अशा बारा रुग्णांच्या मेंदूत तार घालून नको-पेशी कायमच्या गप्प करायच्या, असं ठरत आलं होतं. नको गेलं की हवं आपोआप वर येईल, असं सरांचं म्हणणं. यादीत पहिलं नाव दादाचं. ते मीच सरांच्या हातापाया पडून घालून घेतलं होतं. दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, चालेल.

मी फोटो घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्याच पेशी हवंही सांगत असतील तर त्या गप्प केल्यावर माणसात जे थोडंफार उरलंय तेही जाईल, हे मी त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी फोटोंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिकटपट्टी कोणी काढली, एवढंच विचारलं. मी काढली, म्हटलं.

"मग चूक तुमची आहे. माझा निष्कर्ष त्यासाठी का बदलू?" त्यांनी लाल शाईखाली बोट ठेवून वही माझ्याकडे सरकवली. "इथे सही करा. तुमच्या भावाचं नाव यादीत पहिलं आहे. ते तिथेच राहावं असं तुम्हालाही वाटत असेल."

माझे कान तापले. नऊ वर्षं मी उंदरांशी जे करत आले ते हा माणूस माझ्याशी करत होता, आणि तेही तार न बसवता. त्याहून जास्त राग माझाच आला, कारण क्षणभर माझा हात पेनकडे गेला होता. मी सही न करता वही उचलून बाहेर पडले.

घरी दार उघडलं. "ठमे, उंदीर काय म्हणतात?"

मी चप्पलही न काढता त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पट्टी, सहा उंदीर, लाल शाई, यादी. ते ऑपरेशन झालं तर काय होईल ते मला माहीत नाही आणि सरांनाही माहीत नाही, हेही सांगितलं. मला वाटलं, दादा आता चालेल म्हणणार.

"चार वाजल्यापासून मी दाराकडे बघत असतो," तो म्हणाला. "तू येशील म्हणून. तेही जाईल?"

"जाऊ शकतं."

त्याने टेबलावरचा ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म दोन बोटांनी माझ्याकडे ढकलला.

"मग नको."

दोन वर्षांत त्याने कशालाही नको म्हटलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मग मी सहाही फोटो आणि वहीच्या पानाची नक्कल एका पाकिटात घातली, त्यावर अशा ऑपरेशनांना मंजुरी देणाऱ्या समितीचा पत्ता लिहिला आणि आतल्या पत्रात माझ्या चुकीपासून सगळं मांडलं. यादीत अजून अकरा जण होते, आणि तेही विचारलं की चालेल म्हणणारे.