पानाखालची सही

साहेबांना जाऊन वर्ष झालं आणि बाईंची स्वतःची कादंबरी पुरी झाली. दोनशे बारा पानं, पेन्सिलीनं, ओट्याशेजारच्या टेबलावर.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान, नावाजलेले लेखक. वीस वर्षं ते सांगायचे, बाई उतरवून घ्यायच्या. शेवटच्या तीन पुस्तकांत तर ते नुसतेच खोकायचे आणि बाई लिहायच्या. रिवाज एकच, पानापानाखाली साहेबांची सही हवी. ती नसलेलं पान प्रकाशक हातात धरत नसे. साहेबांचा हात थरथरू लागला तशा सह्याही बाईच ठोकू लागल्या, इतक्या हुबेहूब की साहेबसुद्धा फसत.

आज चार वाजता प्रकाशक येणार होता. पुस्तकावर पहिल्यांदाच आपलं नाव लागेल, असं बाई धरून चालल्या होत्या. सकाळी त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, तर प्रत्येक पानाखाली निळ्या शाईत साहेबांची सही.

बाईंनी शेवटचं पान फाडलं, नव्यानं लिहिलं आणि दूध उतरवायला उठल्या. वळून बघतात तो सही. ओली.

"दादाचीच," बाईंनी पान दाखवलं तशी घरातली नणंद चष्मा कपाळावर चढवत म्हणाली. भावाला तिनं जन्मभर देव्हाऱ्यात बसवलं होतं.

"वन्सं, त्यांचं पेन कपाटात आहे. किल्ली माझ्या कमरेला."

"मग तुझ्या बोटाला शाई कुठली?"

बाईंनी खाली पाहिलं. उजवा हात मांडीवर निजल्या मांजरासारखा पडला होता. फक्त निळं झालेलं बोट पदरावर सहीचा शेवटचा फराटा ओढत होतं. पुन्हा, पुन्हा. बाई काही ओढत नव्हत्या.

प्रकाशक आला. त्यानं वरचं पान उचललं, सही पाहिली आणि डोळ्यांना लावली. "वहिनी, साहेब जाता जाता केवढं ठेवून गेले."

"हे मी लिहिलंय."

"अक्षर तुमचंच हो. नेहमीच असतं," तो कौतुकानं हसला. "करार आणलाय. साहेबांच्या वतीनं सही करा."

बाईंनी करारावरचं साहेबांचं नाव खोडायला पेन्सिल उचलली, तशी बोटं आपसूकच त्या वळणाकडे निघाली. त्यांनी डाव्या हातानं पेन्सिल काढून घेतली आणि उजवा हात नणंदेपुढे केला.

"वन्सं, एवढा धरून ठेवता? घट्ट."

नणंदेनं धरला आणि तिचा चेहरा उतरला. "अगं, हा ओढतोय."

"माहितीये."

डाव्या हातानं साहेबांचं नाव खोडून बाईंनी स्वतःचं लिहिलं. पहिलीतल्या पोरीसारखं, वाकडंतिकडं, ओळ सोडून वर चढणारं.

"हे नाही चालायचं," प्रकाशक म्हणाला. "हे नाव कोण ओळखतं?"

नणंदेच्या मुठीतली बोटं फडफडत होती, भावाची सही तिच्याच तळव्यावर गिरवत होती. तिनं आपला दुसरा हातही वर ठेवला आणि दाबून धरला.

"वहिनी," ती म्हणाली, "आता पानांवरही तुझंच नाव घाल. मी धरते."