न वाचायचं पत्र

मार्लिस ट्वेट सकाळपासून चौथ्यांदा लिंडगार्ड सरांच्या दारावरून गेली. मेडिकल स्कूलसाठीची शिफारसपत्रं कॉलेजच्या समितीकडे बारापर्यंत पोचायला हवी होती. दोन पोचली होती. तिसरं, रसायनशास्त्राच्या लिंडगार्ड सरांचं, अजून आलं नव्हतं आणि त्याच्याशिवाय समिती तिचा अर्ज या वर्षी पुढे पाठवणार नव्हती.

"आत ये आता, फरशी झिजेल," सर म्हणाले. अकरा वीस झाले होते. "पत्र तयार आहे. एक वर्ष बरोबर लिहिलंय का, तेवढं बघ." त्यांनी मॉनिटर तिच्याकडे वळवला.

मार्लिसने झटकन पाठ फिरवली. "सर, मी पत्र वाचायचा हक्क सोडतेय असं अर्जात लिहून दिलंय!" विद्यार्थी वाचणार असेल तर शिक्षक मोकळेपणाने लिहीत नाहीत, म्हणून तसं लिहून दिलं नाही तर पत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे पहिल्या वर्षापासून सगळ्यांना ठाऊक असतं.

"इथे कोण बघतंय?"

"तरी नको. तुम्ही विचारा, मी सांगते."

"नापास कधी झालीस?"

म्हणजे तेही लिहिलं होतं. "दुसऱ्या वर्षी," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तिसऱ्या वर्षी तोच विषय परत घेतला."

सर बराच वेळ टाइप करत राहिले. "गेलं. शेवटी एक ओळ वाढवली."

"चांगली आहे ना?"

"ते कळायचा हक्क तू सोडलायस. जा, जेवून घे."

मार्लिस बाहेर आली आणि पुन्हा तिथेच येरझारा घालू लागली.